तुरट चहाचा उन्हाळा

मार्च लागला की आमच्या शेजारच्या गच्चीवर पाठांतर सुरू होतं. यंदा दोन बहिणी आहेत. धाकटी येरझाऱ्या घालत म्हणते, थोरली कठड्याला टेकून तिच्या चुका पकडते. "प्रद्रव्यपटल हे निवडक्षम पारपटल असते. प्रद्रव्यपटल हे निवडक्षम..." एकदा मला राहवलं नाही. खालून ओरडून विचारलं, "अगं, पण म्हणजे काय?" थोरली वाकून म्हणाली, "आजी, दोन मार्कांना आहे." घ्या! पेशीभोवतीचा तो एवढासा पडदा, ज्याच्या जिवावर ही बया तिथं उभी आहे, तो दोन मार्कांना. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं मी. कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला आत आले.

त्याच आठवड्यात माझी नात मुक्ता पुण्याहून आली. ती तिथं प्रयोगशाळेत संशोधन करते. कशावर, विचारलं तर म्हणाली, "चहावर." म्हटलं, "मग त्यात काय, आपल्या घरात सगळेच तेच करतात." ती हसली नाही. हल्लीची मुलं संशोधनावर विनोद खपवून घेत नाहीत. मग तिनं नीट सांगितलं. चहाच्या पानात फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. चहाचा रंग आणि तुरटपणा त्यांचाच. पेशीचा पडदा मुख्यतः स्निग्ध रेणूंचा. ही द्रव्यं त्या पडद्यापाशी गेली की वरच बसतात की आत शिरतात, आणि बसली की पडद्याचं काय होतं, हे ती बघते. बोलता बोलता तिनं मला तिच्या पद्धतीचा चहा करून दिला, दूध नाही, साखर नाही. एक घोट घेतला मात्र, जीभ आखडली, गाल आतून दातांना चिकटल्यासारखे झाले, आणि मी थेट नगरकडच्या बेलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात, चुलीसमोरच्या पाटावर जाऊन बसले.

ते दुष्काळाचं साल होतं. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा माघातच येऊन बसला. आमच्या दोन्ही म्हशी आटल्या होत्या. गावात दूध मिळायचं ते तान्ह्या पोरांपुरतं, साखर रेशनची. म्हणून घरात गुळाचा कोरा चहा. विहिरीनं तळ गाठलेला, पाणी मचूळ आणि जड. त्या पाण्यातला चहा जरा निवला की वर तवंग धरायचा, तपकिरी, उजेडात मोरपंखी दिसणारा. आई तो फुंकरीनं बाजूला सारून बशी तोंडाला लावायची. "ग्वाड म्हनावं तर न्हाई, कडू म्हनावं तर न्हाई. त्वांड निस्तं बांधून टाकतोय मुडदा," असं तिचं चहाविषयी मत. प्यायची मात्र दिवसातून चारदा.

तुरट. आपल्या भाषेनं या चवीला स्वतःचं नाव दिलंय, सहा रसांच्या पंगतीत तिला मानाचा पाट दिलाय. खरं तर ती चव कमी आणि स्पर्श जास्त. कच्चं केळं, सुपारी, जांभूळ, हिरडा, कोरा चहा, हे जिभेवर उतरत नाहीत, जिभेला धरतात. आईचं ‘बांधून टाकतोय’ हे अगदी शास्त्राला धरून होतं. लाळेतल्या प्रथिनांना चहातली द्रव्यं खरोखरच बांधून ठेवतात, म्हणून तोंड कोरडं पडतं. दूध घातलं की ती दुधालाच धरून बसतात आणि आपली जीभ सुटते. हे मला पुढे कॉलेजात कळलं. त्या उन्हाळ्यात फक्त तोंड आखडायचं.

अक्का संक्रांतीनंतर माहेरी आली. माझी मोठी बहीण, सोनईला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण सोनईलाच, दिवस भरायच्या आत अचानक झालं होतं. मूल राहिलं नाही, आणि तिचं स्वतःचं रक्त इतकं गेलं की तीही हाती लागते की नाही असं झालं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते. ती गाडीतून उतरली, आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तशीच आत जाऊन पदरात तोंड लपवून रडली. अक्काचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. पिठासारखे.

गावच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, कडक, पण हाताला गुण असलेल्या. त्यांनी अक्काच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आईला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच सांगितलं, "हिच्या अंगात रक्त नाही. मागच्यासारखं गेलं, तर या खेपेला ही वाचायची नाही. आणि नगरला नेलंत तरी आयत्या वेळी रक्त मिळेलच असं मी म्हणणार नाही." लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज न चुकता घ्यायला सांगितल्या.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. अक्काच्या अंगात रक्त भरायचं. आबा, म्हणजे आमचे वडील, तसे अबोल. ते सायकल मारत श्रीरामपूरला जायचे आणि कुठून कुठून बीट पैदा करून आणायचे, कारण आईचं म्हणणं, "लाल खाल्लं की लाल हुतंय." बीट खाऊन अक्काची जीभ तेवढी लाल व्हायची. गोळी मात्र ती चुकवत नव्हती. विहिरीच्या मचूळ पाण्यानं तिला उमासे येत, म्हणून गोळी चहाबरोबर. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे औषध चहाबरोबरच घ्यायची रीत. उपाशीपोटी गोळी बाधते, चहानं पोटाला आधार होतो, असं अख्खं गाव मानायचं. पाहुण्याला चहा, दुखण्याला चहा, मयतीला चहा. मग गोळीनंच काय घोडं मारलंय?

इकडे कॉलेजात माझी बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं जवळ आली होती. आम्हाला बापट सर होते. बुटके, हसरे आणि चहाबाज. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर बीकरमध्ये चहा उकळायचे आणि "चहाचा बीकर वेगळा ठेवलाय हो" असं बजावायचे. आम्ही देवावर भार टाकून प्यायचो. एका दुपारी ते म्हणाले, "पेशीचा पडदा म्हणजे काय, ते पुस्तकात नको. आमटीवरचा तवंग पाहिलाय ना? तसा स्निग्धाचा पदर समजा, दुहेरी. त्याच्या आत पेशीचा सगळा संसार." मग स्वतःच्या बोटाला सुई टोचून त्यांनी तीन नळ्यांत रक्ताचा एकेक थेंब सोडला. साध्या पाण्याच्या नळीत पेशी फुटल्या आणि पाणी कोकमच्या सरबतासारखं स्वच्छ लाल झालं. मिठाच्या पाण्यात त्या शाबूत राहिल्या, पाणी गढूळ दिसलं. तिसऱ्या नळीत मिठाचं पाणी होतं आणि त्यात त्यांच्या बीकरमधला थोडा कोरा चहा. तिथं पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसल्या.

"चहानं पडद्याला धरलं," सर म्हणाले.

मी विचारलं, "सर, नुसतं वरून धरतो की आतही जातो?"

"ते मला माहीत नाही," ते मोकळेपणानं म्हणाले, "आणि कुणाला नीट माहीत असेल असंही वाटत नाही. शोधा तुम्ही, मंदाबाई." सगळा वर्ग हसला. मला मात्र तो तळाशी बसलेला लाल साका बघून अक्का आठवली. त्या दिवसांत मला रक्त दिसलं की अक्काच आठवायची.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पापणी ओढली. तशीच पांढरी. त्या भडकल्याच. "गोळ्या घरी नेतेस आणि काय करतेस? उकिरड्यावर टाकतेस? स्वतःच्या जिवाची नाही तर पोटातल्याची तरी पर्वा कर!" अक्का दवाखान्यातून घरापर्यंत मान खाली घालून चालली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मंदे, देवाशपथ खाते गं मी गोळ्या. एक पोर गेल्यावर मी असं करीन का?" आणि ढसाढसा रडली. मीही तिच्या शेजारी बसून रडले. दोघींना बघून आई ओरडली, "आता तुमी दोघीबी रडा, म्हंजी मी चुलीत जाते!" आणि तीही डोळे पुसायला लागली.

पुढच्या दोनचार दिवसांतलीच गोष्ट. अक्काला गोळी घशाखाली उतरेना, लागोपाठ उलट्या होत होत्या. आईनं मग गोळी खलबत्त्यात कुटली, बशीत चहा ओतला आणि ती पूड त्यात ढवळली. बशी पांढरी, चिनी मातीची. बघता बघता चहा काळा झाला. काळा म्हणजे काळाकुट्ट, निळसर झाक मारणारा. आईनं बशी झटकन खाली ठेवली.

"आगं बया! इख पडलं का काय ह्याच्यात? मंदे, बघ, बघ. दिष्ट लागली माझ्या लेकराला. त्या सोनईवाल्यांचीच दिष्ट!" लगेच मीठ-मोहऱ्या-मिरच्या आल्या. आईनं अक्कावरून तीनदा उतरवून चुलीत टाकल्या आणि सगळं घर खोकायला लागलं. आबा ओट्यावरून आत आले, बशीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दिष्ट कसली? ही तर शाई झाली." आई त्यांच्यावर अशी कडाडली की ते बिचारे परत ओट्यावर जाऊन बसले.

मी मात्र उभी ती उभीच. हा काळा रंग मी ओळखत होते. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या महिन्यातच शिकवतात: द्रावणात टॅनिन आहे का बघायचं, तर त्यात लोहाचा क्षार टाका, निळं-काळं झालं की आहे. टॅनिन म्हणजे चहातल्या त्या तुरट द्रव्यांच्याच भाऊबंदातलं. मी ते वहीत दहादा लिहिलं होतं. आता तेच आमच्या बशीत झालं होतं, आणि अक्काच्या पोटात ते रोज होत होतं. तिच्यासाठी आलेलं लोह चहा वाटेतच अडवत होता. उरलेला काळा चहा मी औषधाच्या बाटलीत भरला आणि दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवला.

सरांनी आगकाडीचं टोक त्यात बुडवलं आणि कागदावर रेघ ओढली. सुबक, काळी रेघ उमटली. "पूर्वी शाई अशीच करायचे," ते म्हणाले. "हिराकस आणि हिरडा. आमच्या भंडारदऱ्याकडच्या डोंगरात पोती भरभरून हिरडा निघतो. हिराकस म्हणजे लोहच की. तुमच्या आईनं चहातून तेच केलं." मग ते गंभीर झाले. "मी डॉक्टर नाही, मंदाबाई. असं पोटात होतं असं छापलेलं मी कुठं वाचलेलं नाही. पण जे बशीत बांधलं गेलं, ते पोटात आपसूक सुटेल हे मानायला माझं मन तयार नाही. माझी बहीण असती तर मी गोळी आणि चहा एका वेळी दिला नसता. लिंबू मिळालं तर लिंबाबरोबर द्या, आणि डॉक्टरीणबाईंना विचारून द्या."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली, खांदे उडवले. "करून बघा. चहानं कुणाचं भलं झालंय?" म्हणाल्या. त्या कॉफी पीत.

आईला समजावणं मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं. टॅनिन, क्षार, अवक्षेप, सगळं मनात जुळवून घेतलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आई, तूच म्हणतेस ना, चहा तोंड बांधतो? तसा तो गोळीलाही बांधतो."

"बांधतोय? गोळीला?" आईनं कपाळावर हात मारून घेतला. "आन आमी येड्यावानी रोज बांधून घालतोय तिला पोटात. आगं मंग सोडीव की तिला!" शास्त्र आईपर्यंत असं एका शब्दावर बसून गेलं. पुढे वर्गात शिकवताना मी शेकडो पोरांना फळ्यावर सूत्रं लिहून दिली, पण इतक्या झटक्यात पटलेलं मी कुणाच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही. दृष्ट मात्र आईनं शेवटपर्यंत सोडली नाही. "चहा बांधतोय खरं, पर बांधायला लावलं कुनी?" हा तिचा सवाल कायम राहिला.

अडली ती अक्का. चहाच सोड म्हटल्यावर तिनं पाठ फिरवली. "सगळं तुम्ही म्हणाल तसं करते. हिंडू नको, हिंडत नाही. वाकू नको, वाकत नाही. तो एक घोट तेवढा राहू दे मला." मी म्हटलं, अगं, गोळी पहाटे घे, चहा मागाहून घे, मध्ये बराच वेळ जाऊ दे. ती भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली. "सोनईला मूल गेलं ना, तेव्हा माझ्याजवळ कुणी बसलं नाही. शेजारची म्हातारी तेवढी चहाची बशी घेऊन आली. काही बोलली नाही, नुसती बसली. त्या चहानं मी उठून बसले, मंदे. त्याला तू वाईट म्हणू नको." मी कशाला वाईट म्हणू? संध्याकाळी तिनं आपण होऊन सांगितलं, "सोडते. बाळंत होईपर्यंत एक थेंब घेत नाही. पण पोरासाठी सोडते हां, तुझ्या कॉलेजासाठी नाही."

आमच्या मोरीच्या सांडपाण्यावर एक लिंबाचं झाड तगलं होतं. त्याची बारकी, दगडासारखी लिंबं आई रोज सकाळी पिळायची. अक्का डोळे मिटून, नाक दाबून गोळी घ्यायची. घरात चहा उकळला की उठून परसात जाऊन बसायची. मग आईनं काय केलं? स्वतःचाही चहा सोडला. विचारलं तर म्हणाली, "मला कुटं आवडतोय? त्वांड बांधतोय मुडदा." आबांनी ओट्यावर चहा मागितला तर त्यांना ताकीद मिळाली की प्यायचाच असेल तर वेशीवर जाऊन प्या. आबा गेले नाहीत. चहा नसलेलं आमचं घर कसं दिसतं ते मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. सगळ्यांची डोकी दुखायची आणि सगळे एकमेकांवर वसवसायचे, पण कुणी भांडं चुलीवर चढवलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली आणि जरा वाकून पाहिलं. "हं. आता खातेस वाटतं गोळ्या." अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिला केवढं बोलायचं होतं ते मला दिसत होतं, पण ती नुसती हसली. बाई म्हणाल्या, "पुरेसं नाही. पण मागच्यापेक्षा बरं. बाळंतपणाला मी हात लावीन, भरवसा देणार नाही." चहा सोडल्यानंच रक्त वाढलं का? मी शपथेवर सांगणार नाही. लिंबानं वाढलं असेल, बिटानं, माहेरच्या विसाव्यानं किंवा आईच्या मीठ-मोहऱ्यांनीही. एका माणसावरून सिद्धान्त होत नाही, हे मी मुलांना बजावत आले. पण ते एक माणूस माझी अक्का होती.

सरांना विचारलेल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर परवा मुक्तानं दिलं. म्हटलं, "पन्नास वर्षं लावलीत की गं!" ती म्हणाली, सगळी द्रव्यं सारखी वागत नाहीत. पडद्यातल्या प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे असतं आणि शेपट्या आत, पाण्यापासून तोंड लपवून. चहातली बरीचशी द्रव्यं त्या डोक्यांच्या रांगेपाशीच थांबतात. ज्यांच्या अंगाला गॅलिक आम्लाचा तुकडा जोडलेला असतो, ती जास्त घट्ट धरतात, जरा आतही सरकतात. मग पडदा कुठं आवळतो, कुठं विसविशीत होतो. किती चहा, कसला पडदा, त्यावर अवलंबून. "म्हणजे बघ आजी, ती ना धड पाण्यातली, ना धड तेलातली. दोन्हीच्या मध्ये, उंबऱ्यावर." मी म्हटलं, कळलं. माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी. मुक्तानं ते आपल्या फोनमध्ये लिहून घेतलं, कशासाठी कोण जाणे.

अक्काचे दिवस भरले तेव्हा माझी प्रात्यक्षिकाची परीक्षा आदल्याच दिवशी संपली होती. सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि आबांनी गाडी जुंपून तिला दवाखान्यात नेलं. आई आत गेली. मी आणि आबा बाहेरच्या बाकावर. कडुनिंबाला मोहर आला होता, त्याचा कडसर गोड वास सगळ्या अंगणात. ऊन वर चढलं. आतून अक्काचं कण्हणं येत होतं, मग ते थांबलं. मग बाईंचा आवाज, चढलेला: "कापड आणा. अजून आणा. दाबून धरा म्हणते ना!" आबा उठले, बसले, पुन्हा उठले. मूल रडल्याचा आवाज नाही. आई बाहेर आली, हातातले रक्ताचे बोळे बादलीत टाकले, आमच्याकडे न बघता आत गेली. इतके दिवस थेंबथेंब भरलेलं ते सगळं असं वाहून चाललं होतं. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आबांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग एक रडणं आलं. बारीक, चिडकं, थांबायला तयार नसलेलं.

बऱ्याच वेळानं बाई दारात आल्या. कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत धुतलेले. "थांबलं रक्त," त्या म्हणाल्या. "बरंच गेलं, पण थांबलं. थोडं कमी असतं अंगात, तर मी आत्ता तुमच्याशी असं बोलत नसते." आबा लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.

मी आत गेले. अक्का पडली होती, अंगावरच्या चादरीहून पांढरी. तिच्या कुशीत मुलगी. नखापासून टाळूपर्यंत लालबुंद, मुठी आवळून, सगळ्या जगावर चिडलेली. मी दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले. अक्कानं डोळे उघडले. ओठ सुकलेले, आवाज कसाबसा फुटत होता, पण ती हसत होती.

"बघितलंस?" ती म्हणाली. "होतं नव्हतं तेवढं सगळं लाल हिनं नेलं. नेऊ दे बाई. नेऊ दे."